वकीलसाहेबांच्या फाईलमधली सिंधू

इरा, निषाद, माझ्या नातवंडांनो, हे मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरची आफरीन टाईप करते आहे, कारण माझा उजवा हात आता पेन धरला की थरथरतो. तिला सांगून ठेवलं आहे, माझं वाक्य लांबलं तर लांबू दे, कापू नको. आत्ताच का सांगते, तर इरा, तू मंगळवारी तुझा लग्नाचा बायोडाटा पाठवलास, म्हणालीस, आजी, इंग्रजी तेवढं तपासून दे, रविवारी अमरावतीच्या त्या लोकांना पाठवायचा आहे. आज शुक्रवार. मी तो चार वेळा वाचला आणि चारही वेळा मला किळस आली. रागावू नकोस. आधी माझीच मला आली, ती का ते ऐक.

चांदूर बाजारला आमची संत्र्याची बाग होती. मी थोरली, सिंधू धाकटी. मी अमरावतीला होस्टेलवर राहून इंग्रजीत एम.ए. झाले आणि तिथेच मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यामुळे ओळखीत कुणाचीही मुलगी लग्नाची झाली की तिचा बाप माझ्या दारात. त्या काळी बायोडाटा इंग्रजीतच लागायचा. देणारे वऱ्हाडी, घेणारे वऱ्हाडी, मुलगी पाहायला आले की चहा घेता का कॉफी घेता हेही वऱ्हाडीत, पण कागद मात्र इंग्रजी. माझ्याकडे साचा तयार होता. सिंपल, होमली, सॉफ्ट स्पोकन, अ‍ॅडजस्टिंग, रंग सावळा असला तरी व्हीटिश, म्हणजे गव्हाळ, छंद विणकाम आणि स्वयंपाक. नाव आणि जन्मतारीख बदलली की झालं. मुलीला विचारायची पद्धत नव्हती, मीही कधी विचारलं नाही. काय सांगू तुम्हाला, मला त्याचा अभिमान होता, लोक म्हणायचे बाईंच्या हातचा कागद गेला की नकार येत नाही.

सिंधूला विणकामाची सुई धरता येत नव्हती. तिला बाग कळायची. झाडाभोवती एक चक्कर मारली की किती फळ निघेल ते सांगायची आणि फरक पडायचा तो मूठभराचा. बहार, म्हणजे झाडावरचं सगळं फळ, विकत घ्यायला व्यापारी आले की बाबा तिलाच पुढे करायचे. ही बांधावरून ओरडायची, ओ भाऊ, खालचंच फळ काहून पाहून राहिले, मान वर करा ना जराशी, आणि पलीकडच्या वावरातली माणसं हसत उभी राहायची.

तिला अकोल्याचं स्थळ आलं. जुन्या शहरातलं वकिलांचं घर. मी साचा काढला आणि तोच कागद लिहिला. आईनं सांगितलं, बागेचं काही लिवू नोको, लोकं म्हन्तीन पोरगी मर्दानी हाये. मी नाही लिहिलं. सिंधूनं कागद वाचला आणि म्हणाली, ताई, मले तं हे बाई कधी भेटलीच नाही वं. आम्ही दोघी खूप हसलो. कागद गेला, लग्न झालं.

आता सासरे वकील. त्यांच्या लेखी कागद म्हणजे कागद. त्यांनी तो फाईलला लावून ठेवला होता. लग्नाला महिनाही झाला नसेल, सिंधूनं माडीवरून भाजीवाल्याला हाक मारली, सगळ्या गल्लीनं ऐकली. सासरे मुलाला म्हणाले, फाईल आण. चष्मा लावून वाचलं, सॉफ्ट स्पोकन, मग सासूबाईंसाठी मराठीत, हळू आवाजात बोलणारी. सूनबाई, हे तुमच्या घरून लेखी आलेलं आहे. चेष्टाच होती ती, सगळे हसले, तीही हसली. मग माहेरी जायचा हट्ट केला की फाईल, अ‍ॅडजस्टिंग. नोकरी करू का विचारलं की फाईल, होमली. त्या माणसानं तिच्यावर कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही, फक्त कागद वाचून दाखवला. पुढे पुढे फाईल आणावी लागत नव्हती, आणू का एवढं विचारलं की पुरे व्हायचं.

मी वर्षातून दोनदा जायची. दर वेळी तिचा आवाज थोडा खाली गेलेला. एकदा त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला कुणीतरी मला विचारलं, तुमच्या बहीण काय करतात, मी तोंड उघडायच्या आत सिंधूच इंग्रजीत बोलली, आय अ‍ॅम जस्ट अ सिंपल हाऊसवाईफ. कोणी विचारलं नव्हतं तिला इंग्रजीत. ती भाषा माझ्या कागदाची होती.

त्याच वर्षी बाबा अंथरुणाला खिळले आणि संत्र्याचा आंबिया बहार झाडावर तयार होता. बाबांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, सिंधे, व्यापारी येऊन राह्यला, जाय, बाग पाहून ये. ती खाटेशी बसून राहिली, म्हणाली, मले काय समजते बाबा त्यातलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कागद कोणी लिहिला हे माहीत होतं. मग भिंतीकडे तोंड केलं. व्यापाऱ्यानं जो आकडा सांगितला तो आम्ही मान्य केला. पुढच्या बहाराला बाबा नव्हते आणि बागही विकली गेली होती.

आफरीन मधेच टाईप करायची थांबली. म्हणाली, दादी, मी मोहल्ल्यातल्या बायांचे फॉर्म भरून देते, शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय विचारला की बाया सोताच मले सांगतात, नथिंग लिव. घरी दोन दोन शिलाई मशीन चालवणाऱ्या बाया. मी म्हटलं, लिही, हेही लिही.

तर इरा, तुझा कागद. तू पूल तपासतेस. दोरानं लटकून पुलाच्या पोटाशी जातेस आणि तू सही केल्याशिवाय त्यावरून गाडी जात नाही, हे तू मला फोटो दाखवून सांगितलंस. कागदावर काय लिहिलंस? जस्ट अ सिंपल गर्ल. कन्स्ट्रक्शनमध्ये काहीतरी करते. लो मेंटेनन्स. फार करिअरवाली नाही, कुठेही अ‍ॅडजस्ट होईन. लो मेंटेनन्स हे तू पुलाबद्दल तरी असं न तपासता लिहिशील का? माझ्या साच्यात तरी आई होती, समाज होता, लिहिणारी दुसरी होती. तुझा हात कोणी धरला होता?

काल मी हा कागद घेऊन सिंधूकडे गेले आणि तिला वाचून दाखवला. तिनं विचारलं, कोनं लिवलं? म्हटलं, इरानं स्वतः. ती म्हणाली, मंग हे तं तुह्याहून बेकार झालं. मी म्हटलं, सिंधू, माझं चुकलं गं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. ती म्हणाली, मले मालूम हाये. आता ते उगाळत बसू नोको, पोरीले फोन लाव. पण फोनवर मला रडू येईल म्हणून हे लिहून घेते आहे.

इंग्रजी मी तपासलं, त्यात एकही चूक नाही. चूक आहे ती मजकुरात, आणि ती मी दुरुस्त करून देणार नाही, तुझी तू कर.

बागेच्या जागी आता लग्नाचा हॉल आहे. वकीलसाहेब गेले, त्यांची फाईल रद्दीत गेली. सिंधू आहे, मी आहे, आणि तुझा कागद अजून कोणाच्या हातात पडलेला नाही.