औशीद कालवायला मी जानार न्हाई

माजं म्हायेर लोनंदकडचं, लगीन होऊन आष्ट्याजवळच्या ह्या गावाला आले तवा मी सोळा वर्साची. नवरा पलटनीत, सुट्टीला यायचा तेवढाच, घरात सासू आन् मी, आन् पोटाला मालकाच्या मळ्यातली मजुरी. काय सांगू तुमाला ताई, मिरचीवर कीड पडली की मालक पत्र्याच्या डब्यातलं औशीद आनायचा, वास आसा की डोसकं गरगरायचं. पंप गडी मारायचे, पन पिपात औशीद कालवायचं काम आमा बायकांचं, काठी घावली तर काठीनं, न्हाई तर हातानं, आन् घरी येऊन त्याच हातानं भाकरी थापायची. औशीदच म्हनायची सगळी, मग भ्यायचं कशाला?

पैल्या खेपंला नववा म्हैना लागंस्तवर मी कालवलं. पोरगी झाली ती मूठभर, अंगावर वढायचं बळ न्हाई, बाराव्या दिशी गेली. सासू म्हनली नजर लागली. मी बी तसंच धरून चालले.

दुसऱ्यांदा दिस गेले तवा आष्ट्याला दवाखान्यात गेले. तितली डाक्टरीनबाई माज्या हाताची सालपटं बघून म्हनली, काय काम करतीस? मी सांगितलं. म्हनली, बाई, हे औशीद अंगात शिरतंय आन् अंगातच ऱ्हातंय, पोटातल्या पोराला जातंय, मागनं दुधातनं बी जातंय. मी इचारलं, माजी पैली त्यानंच गेली का? म्हनली, ते मला सांगता यायचं न्हाई, खोटं बोलनार न्हाई मी. मग आता हे पोर झाल्यावर त्याला पाजू का नगं? पाज, दूध तोडू नगंस, पन त्या पिपाला हात लावू नगंस.

दुसऱ्या दिशी मळ्यात गेले तर आमची शेजारीन फुला, औशीदानं भिजल्या चोळीनंच पोराला पाजाया बसलेली. मी पोर काडून घेतलं, म्हनलं आदी हात धू, चोळी बदल. आन् तितंच मालकाला म्हनलं, आवं मालक, पोटुशी आन् लेकुरवाळी बाई हितनं फुडं औशीद कालवनार न्हाई, खुरपायला सांगा, दिसभर खुरपू. मालक म्हनला, औशीद पिकाला हाय, तुमाला काय हुतंय? मी म्हनलं, मग तुमच्या सूनबाईला धाडा कालवायला, ती बी पोटुशी हाय.

मालकाचं त्वांड लालबुंद झालं. उद्यापास्नं येऊ नगंस म्हनला. मी गेले न्हाई, फुला बी गेली न्हाई, आन् तिच्यामागं आळीतली एक बी बाई गेली न्हाई. आठ दिस चुलीवर नुसत्या जोंधळ्याच्या कन्या शिजल्या, सासू बोल बोल बोलायची, हट्टानं पोट भरतंय व्हय गं? मी ऐकून घ्यायची, पन हालले न्हाई. नवव्या दिशी मालकीनबाई सवता दारात आल्या, म्हनल्या, कालवायचं गडी बघतील, तुमी खुरपायला या. मागनं हळूच म्हनल्या, सुनंला मी बी आता मळ्याकडं फिरकू देत न्हाई. खुरपायला गेले तवा गड्यास्नी बी मी सांगितलं, काठीनं कालवा, तोंडाला फडकं बांधा, तुमचं अंग काय लोखंडाचं हाय?

दुसरी बी पोरगीच, आता चार वर्साची हाय, लय द्वाड हाय, ऐकत न्हाई कुनाचं. माज्या अंगातलं तिच्यात किती उतरलं ते कोन सांगनार? गेलं ते काडता येत न्हाई. पन फुडचं आडवता येतंय की. शेजारच्या गावात औंदा औशीद मारायचं नवं पंप आल्यात, तर तितल्या बायकांस्नी हेच सांगाया उद्या मी आन् फुला चाललोय. तुमी लिवताय तर येवडं लिवा ताई, ज्या घरात पाळना हालतोय तितं आईचं दूध निर्मळ जाऊ दे.