शिरपूरला द्यायचं उत्तर

(धुळे, १९३७. अभिमन मास्तर संध्याकाळच्या व्याख्यानाची तयारी करतो आहे. थोरली बहीण पुष्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे.)

अभिमन : ...म्हणून सुप्रजा हाच देशाचा खरा पाया. शेतकरी पेरायला निवडक बी ठेवतो, मग... मग काय गं अक्का?

पुष्पा : "मग माणसाच्याच बाबतीत आपण इतके बेफिकीर का?"

अभिमन : हां! एकदा वाचून दाखवलं तर तुझं पाठ. मी आपला दोन दिवस घोकतोय.

पुष्पा : तुझ्या मॅट्रिकचा बठ्ठा इतिहास, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत, अजून पाठ शे माले. डोळे नहीत, मग ठेवणार कुठे? कानातच. चाल पुढे.

अभिमन : बेफिकीर का? याकरिता शास्त्र सांगते की... थांब, सांगू नकोस. शास्त्र सांगते की...

पुष्पा : "जन्मांध, मुके, पांगळे, वेडसर यांनी विवाह करू नये. त्यांची परंपरा त्यांच्यापाशीच संपावी, यातच समाजाचे हित आहे." का रे, चुकलं काही?

अभिमन : नाही. बरोबर आहे.

पुष्पा : मग म्हण ना.

अभिमन : अक्का, हे तुझ्याबद्दल नाही. हे आकड्यांचं शास्त्र असतं. हजारात किती, लाखात किती...

पुष्पा : त्या लाखात मी कितवी?

अभिमन : असं नको ना बोलू.

पुष्पा : रागानं नही विचारत. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा, मी दहाची. चुलीचा जाळ माले दिसत नव्हता, हाताले लागायचा. पण तू एक दिवस उपाशी झोपला नहीस. तेव्हा कोणी विचारलं नही, ही पोर कामाची शे का नही.

अभिमन : मी विसरलो नाही ते.

पुष्पा : मग शिरपूरच्या माणसाले दारातूनच परत का धाडलंस?

अभिमन : तुला कुणी सांगितलं?

पुष्पा : भिंतीआड होते मी. "मी छगन, कापसाच्या जीनमध्ये कामाला. बायको जाऊन तीन वर्षं झाली. तुमच्या बहिणीला कानबाईच्या सणात गाणी गाताना ऐकलं." किती अदबीनं बोलत होता! आणि तू म्हणालास, तिची इच्छा नाही.

अभिमन : काशीआत्याही जन्मापासून आंधळी होती, अक्का. तुला मुलं झाली आणि त्यांनाही दिसलं नाही तर? तू किती सोसलंस, ते मी पाहिलंय.

पुष्पा : पाहिलंस ना? मग माले हसताना पण पाहिलं असशील. आंधळेपणानं सोसलं ते थोडं. माझ्यावाचून माझं ठरवलं लोकांनी, ते जास्त लागलं. आणि आता तू.

अभिमन : चुकलो. पुस्तकात ते वाक्य सापडलं तेव्हा बरं वाटलं होतं गं. खरं सांगू? तू शिरपूरला गेलीस, तर या घरात मी एकटा काय करू, याचीच भीती वाटली. शास्त्र नंतर आलं.

पुष्पा : रडतोस? एवढा मोठा मास्तर! ये इकडे. अस्सा.

अभिमन : मी नाही जात व्याख्यानाला. निरोप धाडतो.

पुष्पा : लोक येऊन बसतील. जा तू. फक्त वाचलेलं बोलू नको, पाहिलेलं बोल.

अभिमन : आणि शिरपूरला? उद्याच जातो, पाय धरतो त्यांचे.

पुष्पा : पाय कशाले? पत्र लिही. मी सांगते.

अभिमन : सांग.

पुष्पा : "छगनराव यांसी पुष्पाचा नमस्कार. माझी इच्छा नाही असं भाऊ बोलला, ते माले न विचारता. माझी इच्छा शे."

अभिमन : "...इच्छा आहे."

पुष्पा : आहे नको. शे लिही. मी बोलते तसं.

अभिमन : बरं. शे.

पुष्पा : "मी जन्मापासून आंधळी. माझी आत्याही तशीच. पोरांले दिसेल का नही, सांगता येत नही. नही दिसलं, तर न बघता कसं जगायचं, ते शिकवणारी आई घरात राहील. कबूल असलं तर या."

अभिमन : लिहिलं. पुढे?

पुष्पा : पुढे काय? अंगठा कुठे लावायचा, तेवढं माझा हात धरून दाखव.