भोगीची चटई

पोंगल होऊन आठवडा झाला होता. कारखान्याच्या दवाखान्यात मी खोकणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाकावर दोघी शेजारणी, एकीच्या कुशीत नातू.

"पेच्चीअक्का, सणाला तुमच्या दारातली राखाडी रांगोळी झकास होती हं!"

"अगं राजकनी, पांढरीच काढली होती. रंग कारखान्याच्या धुराड्याने भरला, फुकटात."

"आणि भोगीला रिवाज म्हणून जुन्या चटया जाळू नका, हवा बिघडते, म्हणून कारखान्याचीच गाडी ओरडत फिरली!"

"म्हणून तर काडीसुद्धा पेटवली नाही. ऐक, नातवाची छाती कशी नादस्वरासारखी वाजतेय."

"डॉक्टर विचारतीलच, भोगीला काय जाळलंत?"

"चटई, म्हणेन."

"खोटं सांगणार?"

"गेल्या वर्षी धुराड्याचं नाव घेतलं, तर म्हणाले, बाहेरच्या डॉक्टरला दाखवा. त्यांचं पोट त्या धुराड्यावर, बाई. चटई म्हटलं की वाफ मिळते, औषधही मिळतं."

त्यांच्यानंतर माझा नंबर लागला. बाळाची छाती तपासत डॉक्टरांनी विचारलं, "भोगीला काही जाळलंत?"

"हो," मी म्हणाले. "दोन चटया."