विमानासाठी सोडलेली जागा

आदरणीय अध्यक्ष महाशय, वैमानिक प्रशिक्षण तळाचे प्रमुख साहेब, बदली होऊन निघालेल्या, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या आवाज मोजणाऱ्या इंजिनिअर बाई, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

आधी माफी मागतो. भाषण लिहून आणा असं कधीचं सांगितलं होतं, मी ते आज सकाळी लिहायला घेतलं. शाळा अर्धवट सुटलेला, खुर्च्या विणणारा माणूस मी, एवढ्या मोठ्यांपुढे काय बोलणार? बायको म्हणाली, "घरात तोंडाचा पट्टा चालतो ना? तोच तिथे चालवा."

तर मंडळी, आमच्या गल्लीची एक रीत आहे. शिकाऊ वैमानिक दिवसभर धावपट्टीला चाकं टेकवतात, पुन्हा उडतात, आणि वळायचे ते नेमके आमच्या छपरांवर. विमान आलं की आम्ही बोलता बोलता थांबायचं, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा अशी हप्त्याहप्त्यानं! मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मी तोंड उघडं ठेवून असा काही थांबलो, की व्याही पाणी आणायला धावले. त्यांना वाटलं, मला झटका आला.

पण नात झाली आणि हसणं संपलं. लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळाचा डोळा लागला की विमान, डोळा लागला की विमान. शेवटी ती पिशव्या भरून निघाली. म्हणाली, "बाबा, आवाज थांबेल तेव्हाच येईन." बायकोनं टांगलेला पाळणा काही काढला नाही. रिकाम्या पाळण्याकडे बघत जेवायची. मला काही ते बघवेना.

म्हणून धीर करून तळाच्या कचेरीत गेलो. तिथल्या नकाशावर जास्त आवाजाची लाल रेघ, आणि आमची गल्ली रेघेच्या बाहेर! दिवसभराची सरासरी कमी भरते म्हणे. मी उठून निघालोच होतो. तेवढ्यात या बाई म्हणाल्या, "बसा हो काका. सरासरीनं बाळ उठत नाही, एका विमानानं उठतं."

मग आवाज मोजायचं यंत्र आमच्या अंगणात आलं. संध्याकाळी बाई आलेख बघताना चक्रावल्या. "काका, विमानांच्या वर हा एक सुळका कसला? या वेळी तर उड्डाण नव्हतं!" मी म्हटलं, "बाई, ते घरगुती उड्डाण. मी मिठाची बरणी फोडली होती." ही तिसऱ्या रांगेतून डोळे वटारतेय बघा. आत्ता यंत्र हवं होतं!

पुढे या बाई स्वतः शिकाऊ विमानात मागे बसून वर गेल्या. उतरल्या त्या वळण कुठे न्यायचं ते ठरवूनच. ते आता पलीकडच्या ओसाड खाणीवरून जातं. बाई, तुमचे हे उपकार आम्ही...

...हसू नका. इथे मी विमानासाठी जागा सोडली होती. लिहितानाच सोडली, सवयीनं. चांगल्या पाच-सहा ठिकाणी सोडली आहे. आता त्या जागांचं काय करू?

"बोला की! कोणाची वाट बघताय?" ऐकलंत? घरगुती उड्डाण.

एकच धाकधूक आहे. हे वळण प्रायोगिक आहे म्हणतात. बाई गेल्यावर कुणी परत आमच्यावर आणलं तर? प्रमुख साहेब, आपण मान हलवलीत, ती 'नाही आणणार' म्हणूनच ना? पुन्हा एकदा हलवता? मागच्यांना दिसली नाही. हां! सगळ्यांनी पाहिलं हं!

आयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि टाळ्या जरा हळू वाजवा. लेक कालच आली आहे, आणि नात तिच्या मांडीवर गाढ झोपली आहे.

बाई, नव्या गावी पोचलात की लगेच कळवा, मला घोर लागून राहील. पत्राची वाट बघायला लावू नका, फोनच करा. आता आमच्याकडे ऐकू येतं.