काकाच्या डोक्यातली गाठ

मराची घाई माणसानं करू नये, आमच्या काकाले विचारा. डोकं दुखे म्हणून अकोल्याले त्यायचा एमआरआय केला, तं रिपोर्टमधे गाठ निघाली. आमी सारे गार पडलो. डॉक्टरची वाट पाहता पाहता काकानं काकूचा हात धरला. मले वाटलं, आता वावराच्या वाटणीचं सांगतात.

"मराच्या आधी खरं सांगतो. तुह्या हातची पाटोडीची भाजी मले कधीच आवडली नाही. लग्नापासून मन मारून खाऊन राहिलो."

तेवढ्यात डॉक्टरनं आत बोलावलं.

डॉक्टरनं फिल्म पाहिली. "साधी पाण्याची गाठ आहे, जन्मापासूनची. काही धोका नाही. शंभर वर्षं जगाल."

गाठीचं ऐकून काका जितके घाबरले नव्हते, तितके आता घाबरले.

काकूनं शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्यायले पाटोडी चालते ना?"

"रोज चालते."