पक्कं झाल्यावर

पणतवाला लस टोचायची होती, म्हणून क्रांती चौकातल्या बालरोगतज्ज्ञांकडे मी जातीने गेले होते. शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई आणि तिची लेक बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये तीन वर्षांची नात होती. आल्यापासून तिने तोंडातून अवाक्षर काढले नव्हते.

“करुणा, तीन वर्साची झाली पोर. अजून मम्मी बी म्हणंना.”

“म्हणून तर आणलं दवाखान्यात. अन् हळू बोल, माय. तिच्यासमोर मराठी नको.”

“का गं, बाटती का काय?”

“शाळेच्या मॅडमनी बजावलंय, घरात फक्त इंग्लिश बोला.”

“मग तू बोलती व्हय?”

“बोलते की. कम, सिट, ईट.”

“असं तर मी कुत्र्याला बी बोलत नाय.”

“मोठं वाक्य बोलायची भीती वाटते. आईबापाच्या चुका लेकरांच्या तोंडात कायमच्या बसतात म्हणे. मी क्लास लावलाय. पक्कं झालं की बोलणारच आहे.”

“अन् जावईबापू?”

“ते शेंद्र्याच्या कंपनीतून थकून येतात. त्यांचंही कच्चंच आहे.”

“परवा पोर लई तापली व्हती, तवा तरी बोलली का?”

“कुठं दुखतंय, ते विचारायचं होतं. ‘पेनिंग’ म्हणायचं नाही, असं क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. मग काय म्हणायचं, तेच आठवेना.”

“मग?”

“मग नाही विचारलं.”

“आता तरी इचार, बाई. आपल्या बोलीत इचार.”

“आता मराठीत विचारलं तर तिला कळणार नाही, माय.”