तोरणाखालून आधी गेलेला रणगाडा

जबाब

नाव : पारूबाई भ्र. आश्रुबा गिराम. वय : आधार कार्डावर अडुसष्ट आहे, खरे आईला माहीत होते. धंदा : शेती. शिक्षण : दुसरी, तीही पुरती नाही. रा. पेडगाव, ता. जि. परभणी. मोबाईल नंबर : सुनेचा लिहावा.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून, कोणाच्या दबावाखाली न येता (आजवर कोणाच्या आले नाही) जबाब देते की, मी वरील पत्त्यावर मुलगा रविकांत व सून राजेश्री यांच्यासह राहते. रविकांत ट्रॅक्टर चालवतो. त्याचा या प्रकरणात संबंध नाही. तो घरात असूनही कोणत्याच प्रकरणात नसतो. तक्रारदार बन्सीधर गिराम हे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर लागतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. आणखी काय काय म्हणते ते जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमनी लिहून घेतले नाही.

आमच्या गावात पोळ्याला मारुतीच्या देवळासमोर तोरण बांधतात. त्याखालून पहिला बैल आमच्या घरचा जातो. हा मान मालकांच्या आज्यापासून आहे. मानाचा बैल गेल्याशिवाय गावातला दुसरा बैल पाय उचलत नाही. नेम असा आहे की, बैल आपल्या पायाने चालत गेला पाहिजे आणि घरच्या माणसाने हाकला पाहिजे. ज्या साली हे झाले नाही, त्या सालापासून मान भावकीतल्या पुढच्या घरी जातो, तो परत येत नाही. पुढचे घर म्हणजे बन्सीधर भाऊजींचे. ते या नेमावर डोळा ठेवून म्हातारे झाले आहेत.

आमच्याकडे लाख्या व हरण्या अशी जोडी होती. पैकी लाख्या मानाचा. त्याचे डावे शिंग निम्मेच होते. मालक उजव्या शिंगाला पितळी शेंबी चढवायचे आणि डाव्याला झेंडूची फुलं गुंडाळायचे. मालक चैत्रात वारले. बैल वैशाखात विकले. कामून विकले असे मॅडमनी विचारले. घरी ट्रॅक्टर आहे, असे लिहावे.

श्रावणात भाऊजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला. म्हणाले, "वहिनी, औंदा तुमची दावण रिकामी हाय. मानाचं काय करायलाव?"

मी म्हणाले, "मातीचे बैल करीन."

"ते लेकरंबी करतेत. पण नेम हाय ना वहिनी. बैल आपल्या पायानं गेला पायजे. मातीचे बैल चालतेत का?"

मी म्हणाले, "चहा झाला असंल तर कप खाली ठेवा."

राजेश्री मोबाईल बघत स्वयंपाक करते. त्यामुळे तिच्या भाकरीची एक बाजू काळी असते. पण त्या दिवशी मोबाईल कामाला आला. तिने मला दाखवले की, पूर्णा येथील एक इसम जुना रणगाडा विकत आहे, चालू हालतीत. मला वाटले, मिलिटरीचा मोडीत निघाला असेल. पण तो हातभर लांबीचा, खेळातला निघाला. मोबाईलमध्ये तो चिखलातून, दगडावरून चालला होता. कोणी ओढत नव्हते, कोणी ढकलत नव्हते. मी विचारले, "पाठीवर वझं घेतो का?" राजेश्री म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या डोक्यात काय चाललंय?" मी म्हणाले, "तुज्या भाकरीसारखं न्हाई. दोन्ही बाजूनं चाललंय."

आम्ही दोघी परभणीला येऊन रेल्वेने पूर्णा येथे गेलो. विकणाऱ्याचे नाव सिद्धोधन. ते रेल्वेत नोकरीला असून बदली झाल्याने सामान मोडत होते. मी जनावर बघतात तसा माल बघितला. पुढून बघितला, मागून बघितला, पोटाखाली हात घातला. म्हणाले, "जरा चालवून दावा." चालवला. "आता उतारावर." पायरीवरून चालवला. मग मी विचारले, "खोड काय हाय ह्याची?"

ते म्हणाले, "मावशी, बॅटरी नवीन आहे."

"तो गुण झाला. जनावर इकताना खोड सांगावी लागती."

माणूस इमानदार निघाला. म्हणाले, "थोडा डावीकडं ओढतो. आणि हे लाल बटण दाबलं की नळीतून प्लास्टिकची गोळी मारतो."

मी राजेश्रीला म्हणाले, "मारका हाय. पण सांगून इकायलाय."

किमतीसाठी मी आमच्या बैलबाजाराच्या रितीप्रमाणे त्यांच्या हातावर पदर टाकला आणि आतून बोटे धरली. बाजारात असाच भाव होतो, बोटं दाबून, बाजूच्याला कळू नये म्हणून. सिद्धोधन यांना ही रीत माहीत नसल्याने त्यांनी हात ओढून घेतला व बायकोला हाक मारली. बाई पळत बाहेर आल्या. त्या खेड्यातल्या होत्या. त्यांनीच नवऱ्याचा हात धरून परत पदराखाली घातला आणि म्हणाल्या, "घाबरायलाव कशाला? सौदा करायलेत त्या." सौदा झाला. किंमत किती, असे विचारले असता सांगत नाही. पदराखालचा भाव पदराखालीच राहतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणतात. जो उद्या चालणार त्याचे खांदे मळले पाहिजेत. रणगाड्याला खांदा कुठे असतो हे राजेश्रीला कळेना. मला कळले. ज्या अंगावर वझं येतं तो खांदा. म्हणून मी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना आणि आतल्या चाकांना लोणी-हळद चोळली. डाव्या बाजूला जास्त चोळली, कारण डावीकडे ओढतो म्हणजे त्या अंगाला दुखत असणार. ही माझी चूक झाली असे राजेश्रीचे म्हणणे आहे. मला अजून पटलेले नाही.

दोन्ही बैल मी स्वतः केले. माती आमच्याच रानातली, विहिरीच्या कडेची. बैल लाकडी फळीवर बसवले आणि फळी गाड्याच्या पाठीला सुतळीने आवळली. पुढे घुंगरमाळ बांधली. झूल नव्या कापडाची नाही. घरात एक पटका होता, तो आता कोणी बांधत नाही.

पोळ्याच्या दिवशी मी रणगाडा तोरणासमोर नेऊन ठेवला. माझे काही पलीकडे येते का ते बघायला भाऊजी तोरणाच्या पलीकडे डाव्या अंगाला, देवळाच्या हौदापाशी, बैल धरून आधीच उभे होते. मान आपल्याकडे आलाच असे धरून त्यांनी इस्त्रीचे धोतर नेसले होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, हे काय हाय?"

"बैल हाईत."

"हे खेळणं हाय! नागनाथ, सांगा की हो ह्यांना."

नागनाथ हे देवळाचे गुरव. मानाचा निवाडा तेच करतात. ते खाली वाकले, पट्टा बघितला, मला थोडा चालवून दाखवायला सांगितला. मग म्हणाले, "आपला आपण चालायलाय. दोरी न्हाई, ढकलणारं न्हाई. पाय म्हणाल तर मला चाराहून जास्तच दिसायलेत."

भाऊजी ओरडले, "पण बैल मातीचे हाईत!"

मी म्हणाले, "मातीचे हाईत, पण माज्या रानातल्या मातीचे हाईत, भाऊजी. तुमचा बैल सासुरवाडीचा. चारठाण्याहून टेम्पोत घालून आणलाव. गावाच्या कडंला उतरवून चालत आणला म्हंजे घरचा झाला का?"

यावर हलगीवाल्याने हलगी वाजवली. तशी गरज नव्हती. टेम्पो वडाखाली उभाच होता, सगळ्यांनी माना वळवून तिकडे बघितले.

नागनाथ म्हणाले, "तोरणाखालून पलीकडं गेला तर मान मावशींचा. मधी अडला तर बन्सीधरचा. हाका."

मी कासरा हातात घेतला. कासरा म्हणजे रिमोट. मी कळ दाबताच गाड्याने मोठा आवाज केला. तसा आवाज काढतो हे सिद्धोधन यांनी सांगितले नव्हते, एवढी एक खोड त्यांनी लपवली. त्या आवाजाने भाऊजींचा बैल बुजला आणि मागच्या दोन पायांवर उठला. सगळे गाव बैलाकडे बघू लागले. त्या वेळात माझा गाडा तोरणाखालून पलीकडे गेला. पलीकडे गेल्यावर त्याचा डावा पट्टा लोण्यावर घसरला, उजवा चालत राहिला, आणि गाडा डावीकडे वळून भाऊजींच्या अंगावर चालू लागला.

भाऊजी एका हाताने बैल ओढत होते आणि गाड्याकडे बघत "वहिनी आवरा, वहिनी आवरा" असे म्हणत होते. तेवढ्यात नळीतून गोळी सुटली, ती त्यांच्या पोटावर लागली. त्यांनी कासरा सोडला आणि मागे हौदात बसले. बैल सुटला तो सरळ वडाखालच्या टेम्पोत जाऊन आपल्या मनाने चढला. त्याला घरी जायचे होते. गावातल्या सर्वांनी मोबाईल काढले, पण हौदाकडे धरले.

लाल बटण मी दाबले का, असे विचारले असता सांगते की, माझा अंगठा खुरप्याने जाड झालेला आहे, त्याखाली कोणते बटण आले ते मला कळत नाही. मुद्दाम मारली का, असे विचारले असता सांगते की, मुद्दाम मारली असती तर नाकावर मारली असती. जखम झाली का, असे विचारले असता सांगते की, ते पोट मोठे आहे, जखम शोधावी लागेल.

मॅडम हसल्या. हसल्या हे लिहावे असे मी म्हणाले. त्यांनी नको म्हटले, मग मी थांबून राहिले, मग त्यांनी लिहिले.

आता खरी गोष्ट सांगते. हौदातून भाऊजींना काढल्यावर मी नागनाथ यांना म्हणाले, "गेला का न्हाई पलीकडं?" ते म्हणाले, "मावशी, देवाची आण, मी बुजलेल्या बैलाकडं बघायलतो. गाडा तोरणाखालून गेला का खांबाच्या बाजूनं, मला सांगता यायचं न्हाई. बघितलेला माणूस आणा." मी सगळ्या गावाला विचारले. एकानेही बघितले नव्हते. मोबाईलमध्ये सगळ्यांच्या हौद निघाला. भाऊजी ओल्या धोतरात म्हणाले, "बाजूनं गेला." आणि त्याच धोतरात या पोलीस ठाण्यात येऊन तक्रार दिली.

ती तक्रार मॅडमनी मला वाचून दाखवली. त्यात भाऊजींनी असे लिहून दिले आहे की, "पारूबाई हिने सदर रणगाडा माझ्या बैलाच्या आधी तोरणाखालून चालवत आणून माझ्यावर गोळीबार केला." खाली त्यांची सही आहे.

मी ते परत वाचायला सांगितले. मॅडमनी परत वाचले. मी म्हणाले, "आधी" आणि "तोरणाखालून" असेच आहे का? त्या म्हणाल्या, असेच आहे. त्या वेळी गावात गाड्याकडे बघणारा एकच माणूस होता, ज्याच्यावर तो चालला होता तो. तोच माझा साक्षीदार निघाला. रागात माणूस खरे बोलतो.

आज सकाळी हा जबाब चालू असताना भाऊजी ठाण्यात आले. त्यांना कोणीतरी तक्रारीचा अर्थ समजावून सांगितला असावा. म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या. घरातलं भांडण हाय. मी तक्रार मागं घेतो."

मी म्हणाले, "घेऊ नका, भाऊजी. लय लागलंय तुमाला. गोळी लागलीय."

"न्हाई लागलं, वहिनी."

"लागलंय. मी मारलंय ना. बसा गुमान."

तरी माझी विनंती आहे की, बन्सीधर गिराम यांना तक्रार मागे घेऊ देऊ नये. माझ्यावर गुन्हा लावायचा तर लावावा, कलम कोणतेही घालावे, पण "आधी" व "तोरणाखालून" हे शब्द काढू नयेत. तक्रारीची एक नक्कल मला द्यावी. ती नागनाथ यांना वाचून दाखवायची असून नंतर देवळात लावायची आहे.

जप्त केलेला रणगाडा बैलांसह परत मिळावा. रणगाड्याची घाई नाही, त्याच्या पट्ट्याला लोणी तेवढे कोणी पुसू नये. पण बैल पाण्यात सोडायचे राहिले आहेत.

पंचनामाही मला वाचून दाखवला. त्यात "एका मातीच्या बैलाचे डावे शिंग अर्धे तुटलेले" असे नुकसान लिहिले आहे, तेवढे खोडावे. ते तुटलेले नाही. ते तसेच केलेले आहे.

बाकी सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे. मॅडमनी मोठ्याने वाचले, मी ऐकले, भाऊजींनीही ऐकले, बरोबर आहे. अंगठा चालेल म्हणाल्या, मी सही केली.

पारूबाई आश्रुबा गिराम